एका गंजावरचं हॉटेल



मागच्या व्हिडिओनंतर अमरावतीच्या एका भावाचा फोन आला. वय सव्वीस. म्हणाला, "ताई, व्हिएतनामी रेस्टॉरंट टाकू का? रीलमध्ये लय चालून राह्यलं. बाबा रिटायर झाले, सहा लाख रुपये आहेत." मी विचारलं, तू ते जेवण कधी खाल्लं आहेस का? तर म्हणाला, "नाई ताई, पाह्यलं फक्त."

मी त्याला लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही. त्याला जे सांगितलं ते फोनवर अर्धवट राहिलं, म्हणून इथे सगळं लिहिते. व्हिडिओत हिशोब दाखवता येत नाही, आकडे पटापट निघून जातात. इथे थांबून वाचा, जवळ वही-पेन ठेवा.

आधी माझं सांगते. माझं परतवाड्यात हार्डवेअर आणि पेंटचं दुकान आहे. पेंट कंपन्या टार्गेट पूर्ण करणाऱ्या डीलरला फिरायला नेतात, हे तुमच्यापैकी दुकानदारांना माहीत असेलच. पूर्वी थायलंड असायचं, आता व्हिएतनाम. 2023 च्या नोव्हेंबरात आमची हनोईची टूर निघाली. विदर्भातले बावन्न डीलर. त्यातल्या निम्म्यांच्या बॅगेत खाकरे, चिवडा आणि लोणच्याची पाकिटं. पाच दिवस बस आम्हाला उतरवायची ती थेट भारतीय रेस्टॉरंटच्या दारात. पनीर बटर मसाला, दाल तडका, जिरा राइस. तेच आपण परतवाड्यात खातो, तेही निम्म्या पैशांत.

एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिकडे शाकाहारी जेवणाला 'चाय' म्हणतात. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला तिथले बरेच लोक मांसाहार टाळतात, त्यामुळे अशी हॉटेलं गल्लोगल्ली दिसतात. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी ती पाटी वाचली, खूश होऊन आत गेले आणि 'दोन कट' म्हणून बसले. त्यांच्यासमोर टोफूचं सूप आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला सहाला जाग आली. ग्रुपचा नाश्ता नऊला. मी एकटीच खाली उतरले. हनोईच्या जुन्या पेठेत एकेका गल्लीला एकेका धंद्याचं नाव आहे, म्हणजे रेशमाची गल्ली, चांदीची गल्ली, असं. एका गल्लीच्या तोंडाशी फूटपाथवर निळी-लाल प्लास्टिकची स्टुलं मांडलेली होती, आपल्याकडे बाथरूममध्ये ठेवतो तेवढी बुटकी. आत जेमतेम दहा बाय बाराची खोली. दारातच चुलीवर एक मोठा गंज, आणि त्यामागे साठीच्या एक बाई.

तो होता फो. पातळ गरम रस्सा, त्यात तांदळाच्या पट्ट्यासारख्या शेवया, वर मांसाचे काप, कांद्याची पात. बरेच जण त्यात गोमांस घालतात, मी कोंबडीचा मागितला. कोंबडीच्या फोचीही एक गोष्ट सांगतात. 1939 च्या सुमाराला सरकारने आठवड्यातले दोन दिवस गोमांस विकायला बंदी घातली होती. त्या दिवशी दुकान बंद ठेवायचं की काही वेगळं करायचं, असा प्रश्न आला, आणि गंज तोच ठेवून लोकांनी त्यात कोंबडी घातली. आज ती त्यांची कायमची डिश आहे.

मी खायला बसले आणि सवयीने मोबाईलमध्ये वेळ बघितली. वाटी माझ्यासमोर यायला दीड मिनिटही लागलं नाही. शेवया आधीच भिजवलेल्या होत्या. बाईंनी त्या जाळीच्या झाऱ्यात घेऊन उकळत्या पाण्यात बुडवल्या, वाटीत टाकल्या, कापून ठेवलेली कोंबडी वर ठेवली, पात टाकली, डावभर रस्सा ओतला. तिच्या हाताला एकही जास्तीची हालचाल नव्हती. रस्सा मात्र रात्रभर शिजलेला. म्हणजे मेहनत होती, पण ती सगळी गिऱ्हाईक यायच्या आधी झालेली होती.

हे वाक्य वहीत लिहून ठेवा, मी तेव्हा बिलाच्या पाठीमागे लिहिलं होतं.

भिंतीवर मेनू म्हणून पाच ओळी होत्या. भाषा कळत नव्हती, पण शेजारच्या वाट्या बघून लक्षात आलं की पाचही ओळी एकाच गंजातून निघतात. कुणाला वर अर्धशिजलं मांस, कुणाला पूर्ण शिजलेलं, कुणाला कोंबडी, कुणाला अंडं. सोबत तळलेल्या पिठाच्या कांड्या, त्या रश्श्यात बुडवून खायच्या. टेबलावर लिंबू, चिरलेली मिरची, लसणाचं व्हिनेगर, माशाचा खारट सॉस. मी तीन लिंबं पिळली आणि मूठभर मिरच्या घातल्या, आपल्या वऱ्हाडी जिभेला ते सपकच लागतं. माझ्या बाजूच्या आजोबांनी काहीच घातलं नाही. दोघांची चव वेगळी झाली आणि स्वयंपाकघराला त्याचा काही त्रास झाला नाही. 'मॅडम, मीडियम की स्पायसी?' हे विचारायला वेटरच नव्हता.

पन्नास हजार डोंग दिले. घाबरू नका, साधारण तीनशे डोंगांचा एक रुपया होतो, म्हणजे एकशे पासष्ट रुपये झाले. मी मुद्दाम दुसरा चहा घेऊन समोरच्या बाजूला बसले आणि मोजत राहिले. बारा स्टुलं. माणूस आला की पंधरा-सोळा मिनिटांत उठतो. बुटक्या स्टुलावर कुणी गप्पा मारत तासभर बसूच शकत नाही, गुडघे दुखतात. पावणेदहाला बाईंनी गंज तिरपा केला, शेवटची वाटी भरली आणि स्टुलं एकात एक घालून आत नेली. त्यानंतर दोन-तीन माणसं आली, हात हलवत परत गेली. बाईंना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

मला मात्र पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. कारण मला आमचं हॉटेल आठवलं.

2017 च्या जूनमध्ये मी आणि माझ्या भावाने चिखलदऱ्यात हॉटेल टाकलं होतं. माझं माहेर तिथलं. आपल्याकडे चहाच्या टपरीपासून सगळ्याला हॉटेलच म्हणतात, हे चौघी-चौघांना टेबलावर बसवणारं, चोवीस खुर्च्यांचं होतं. मी बीबीए झालेली, तेव्हा माझ्या अंगात फार शहाणपण होतं. प्लॅन मी केला. टूरिस्ट अमरावतीचा, अकोल्याचा, नागपूरचा, बऱ्हाणपूरचा. प्रत्येकाला आवडेल ते आपल्याकडे पाहिजे. म्हणून मेनू चौसष्ट पदार्थांचा. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन आणि कोपऱ्यात तीन ओळींत वऱ्हाडी. लॅमिनेट केलेली कार्डं, डीप फ्रीजर, तंदूर. एकूण लागले पाच लाख वीस हजार. त्यातले एक लाख ऐंशी हजार वहिनीच्या पाटल्या आणि पोत गहाण ठेवून उचललेले.

वहिनी तेव्हा एकदाच म्हणाली होती, "ताई, पनीर आपल्याले घाटाखालून आणा लागते. त्याच्यापेक्षा पाटवडी ठेवू ना." मी तिला मार्केट रिसर्च समजावून सांगितला. आज ते आठवलं की मान खाली जाते.

पुढच्या मार्चमध्ये हॉटेल बंद झालं. सामान विकून एक लाख ऐंशी परत आले, तीन लाख चाळीस हजार बुडाले. आलेल्या पैशांत आधी उधाऱ्या फिटल्या. सोनं सोडवता आलं नाही.

आम्ही तेव्हा दोष सगळ्यांना दिला. पावसाळा लांबला, लाईट जाते, आचारी टिकत नाही, सोमवार ते शुक्रवार गावात कुत्रंही फिरत नाही. हे सगळं खरंच आहे. चिखलदऱ्यात धंदा केलेल्याला विचारा. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, देवी पॉइंटवर पाय ठेवायला जागा नसते, भीमकुंडाकडे जाणारा रस्ता जाम. आणि मंगळवारी दुपारी त्याच रस्त्यावर गाई बसलेल्या असतात. पण हे आम्हाला दुकान टाकायच्या आधीही माहीत होतं. तिथे लहानाचे मोठे झालो होतो आम्ही.

हनोईहून परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते असं. माहेरी जाऊन माळ्यावरची पेटी खाली काढली. त्यात जुनी बिलबुकं होती. वहिनी, मी आणि माझी भाची, तिघी बसलो आणि ऑगस्ट 2017 ची सगळी बिलं पदार्थाप्रमाणे मोजली. दोन दिवस लागले. चौसष्टपैकी नऊ पदार्थांवर विक्रीचा चार पंचमांश हिस्सा आलेला होता. एकोणीस पदार्थ महिन्याभरात एकदाही विकले गेले नव्हते, पण त्यांच्यासाठी लागणारं बेबीकॉर्न, मशरूम, पनीर, क्रीम फ्रीजरमध्ये पडून होतं. लाईट गेली की फेकायचं. पहिल्या नऊमध्ये सगळ्यात वर काय होतं सांगू? पाटवडी रस्सा. कार्डाच्या कोपऱ्यातली ती ओळ.

तुमचा धंदा चालू असेल तर हे आजच करा. एका महिन्याची बिलं घ्या आणि पदार्थाप्रमाणे किंवा वस्तूप्रमाणे मोजा. किराणा असो, कपडे असो, ब्युटी पार्लर असो. माझ्या पेंटच्या दुकानातही मी केलं, आणि तिथे काय निघालं त्यावर वेगळा व्हिडिओ करीन.

आता खुर्च्यांचा हिशोब. रविवारी गर्दीचे तास धरा सकाळी अकरा ते तीन, म्हणजे 240 मिनिटं. आमच्या जुन्या हॉटेलात ऑर्डर यायला पस्तीस मिनिटं लागायची, खायला पंचवीस. एक खुर्ची एका गिऱ्हाइकाला साठ मिनिटं अडकली. चार फेऱ्या, चोवीस खुर्च्या, 96 माणसं. खुर्च्या कधीच पूर्ण भरत नसतात, दोघं जण चारच्या टेबलावर बसतात, म्हणून चौथा हिस्सा कमी करा, राहिली 72. माणशी बिल 160 रुपये. विक्री 11,520.

आता हनोईच्या बाईसारखं धरू. ताट पाच मिनिटांत समोर, खायला वीस. पंचवीस मिनिटांची फेरी. 240 मध्ये नऊ बसतात, पण आपण आठच धरू. आठ गुणिले चोवीस म्हणजे 192, चौथा हिस्सा कमी करून 144 माणसं. बिल फक्त 120 रुपये. विक्री 17,280. स्वस्त विकून जास्त पैसे आले, आणि पनीर शून्य.

मी हा कागद घेऊन वहिनीकडे गेले. 2024 मध्ये तीच जागा पुन्हा भाड्याने मिळत होती. वहिनीने कागद पाहिला आणि विचारलं, "भाकरी कोन थापणार?"

एकशे चव्वेचाळीस माणसं, माणशी दोन भाकरी, म्हणजे 288. चार तासांत. तासाला 72. एका बाईच्या हातून चुलीवर तासाला पस्तीस-चाळीस भाकरी निघतात, तीही बाई तयार असेल तर. म्हणजे आमची मर्यादा खुर्ची नव्हतीच, तवा होता. हे मला बीबीएच्या तीन वर्षांत शिकवलेलं होतं, त्याला इंग्रजीत छान शब्दही आहे, पण लक्षात आणून दिलं ते वहिनीने. प्रत्येक धंद्यात अशी एक अरुंद जागा असते जिथून सगळा माल जातो. झेरॉक्सच्या दुकानात ते मशीन नसतं, पैसे घेणारा एकटा माणूस असतो. शिवणकामात काजे-बटण असतं. ती जागा रुंद केल्याशिवाय बाकी कुठेही पैसा टाकला तर तो वाया जातो. आम्ही रविवारी भाकरीला दोन बायका ठेवल्या आणि खुर्च्या चोवीसच्या वीस केल्या.

मेनू वहिनीने ठरवला. एक गंज रस्सा: भाजलेला कांदा, सुकं खोबरं, वऱ्हाडी काळा मसाला, वर तर्री. त्याच रश्श्यात पाटवडी टाकली की पाटवडी रस्सा, शेव टाकली की शेवभाजी, उकडलेलं अंडं टाकलं की अंडा रस्सा. पाटवड्या सकाळीच थापून, कापून ताटात तयार. चौथं झुणका-भाकर. पाचवी रबडी, मोथ्याकडच्या गवळ्यांकडून. मेळघाटातला खवा आणि रबडी हे आपलं जुनं नाव आहे, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. टेबलावर ठेचा, कांदा, लिंबू. तिखट किती हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. अंड्याचा डाव आणि भगुनं वेगळं, कारण आपल्याकडे शाकाहारी माणूस ते बारकाईने बघतो, आणि श्रावणात अंडं पूर्ण बंद. श्रावण म्हणजे ऐन सीझन, तेव्हा थोडी विक्री जाते. पण अंडं चालू ठेवलं असतं तर उपासवाली अख्खी कुटुंबं पायरीवरून परत गेली असती.

आता एका ताटाचं कॉस्टिंग. भाव आमच्याकडचे, तुमच्याकडे वेगळे असतील, तुम्ही तुमचे घाला. पाटवडी रस्सा आणि दोन ज्वारीच्या भाकरी: बेसन 8 रुपये, तेल साडेपाच, कांदा-खोबरं-मसाला 9, ज्वारीचं पीठ 8, कांदा-लिंबू-ठेचा 5, गॅस आणि लाकूड 5, धुणं-पुसणं-कागद 2. झाले साडेबेचाळीस. सांडलवंड धरून 45. विक्री 120. प्रत्येक ताटामागे हातात 75 राहतात.

रोजचा ठरलेला खर्च: भाडं दिवसाला 450, दोन बायकांची मजुरी 800, लाईट-पाणी-पेट्रोल 250. एकूण 1,500. भागिले 75, म्हणजे वीस ताटं गेली की त्या दिवसाचा खर्च निघाला. मी खूश झाले. वहिनीला म्हटलं, वीस तर सहज जातील.

"आन् माह्यी मजुरी?" वहिनी म्हणाली.

मी गप्प बसले. पाच लाख वीस हजारांच्या प्लॅनमध्ये तिची मजुरी नव्हती, आणि या कागदावरही नव्हती. तिचं सोनं गेलं होतं तेव्हाही ती रोज पहाटे पाचला उठून स्वयंपाकघरात उभी होती, आणि आम्ही तो 'घरचा माणूस' म्हणून फुकट धरला होता. मंडळी, माझ्याकडे जे लोक कॉस्टिंग घेऊन येतात त्यातल्या बहुतेकांच्या कागदावर घरातल्या बाईची मजुरी नसते. पापड-लोणच्याच्या धंद्यात तर हमखास नसते. मग धंदा 'नफ्यात' दिसतो.

वहिनीचे 500 धरले. खर्च झाला 2,000. भागिले 75, सव्वीस आणि वर काही, म्हणजे सत्तावीस ताटं.

यातूनच पुढचा प्रश्न आला, रोज उघडायचं का? सीझन नसताना मंगळवारी किती ताटं जातात, तर दहा-अकरा. इथे नीट लक्ष द्या. दुकान बंद ठेवलं तरी 450 भाडं लागतच राहणार. म्हणून मंगळवारी उघडायचं की नाही हे ठरवताना भाडं मोजायचंच नाही. उघडल्यामुळे जो खर्च वाढतो तेवढाच मोजायचा: 800, 250 आणि वहिनीचे 500, मिळून 1,550. भागिले 75 केलं की एकवीस ताटं. अकरा ताटांसाठी उघडलं तर बंद ठेवण्यापेक्षा जास्त नुकसान. म्हणून सीझन संपला की हॉटेल फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार. बाकी दिवशी वहिनी घरी मसाला कुटते, आणि त्याची पाकिटं हॉटेलातच विकते.

'बंद दिसलं की गिऱ्हाईक तुटतं' असं भाऊ म्हणत होता. पाटीवर वार मोठे लिहिल्यावर ती तक्रार थांबली.

यावेळी भांडवल लागलं सत्तर हजार. भांडी, चुली, बाकडी, पाटी. कुणाचं काही गहाण नाही. फूड लायसन्सचं बेसिक रजिस्ट्रेशन आधी करून घेतलं, तेव्हा वर्षाला शंभर रुपये फी होती, ऑनलाईन होतं. कृपा करून ते एजंटला हजार रुपये देऊन करू नका.

आता अमरावतीच्या भावाकडे येते, कारण त्याचा प्रश्न अजून तसाच आहे.

भाऊ, फो विकून बघायचा असेल तर हरकत नाही. पण ती बाई हनोईत चालते यामागे पुष्कळ गोष्टी आहेत. तिथला माणूस सकाळी नाश्त्याला तेच खातो, रोज. आपल्याकडे लोक ते एकदा फोटो काढायला खातील. दुसऱ्यांदा येतील का, हा खरा प्रश्न आहे, आणि छोटं हॉटेल दुसऱ्या खेपेवरच जगतं. रस्सा रात्रभर शिजवायला गॅस किती जातो? हिरव्या पाल्यांपैकी कोथिंबीर-पुदिना मिळेल, बाकीचा रोज कुठून आणशील? माशाच्या सॉसचा वास तुझ्या शाकाहारी गिऱ्हाइकाला चालेल का? तांदळाच्या शेवया कोरड्या मिळतात, त्या टिकतात, तो प्रश्न सोपा आहे. तिकडे तांदळाचे पातळ पापड बांबूच्या तट्ट्यांवर उन्हात वाळवतात, ते पाहून मला आपल्या कुरड्या-पापडांचा उन्हाळा आठवला होता.

आणि प्रसिद्धीचं म्हणशील तर हनोईतलंच उदाहरण देते. मे 2016 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा आणि टीव्हीवरचे शेफ अँथनी बोर्डेन एका साध्या हॉटेलात बुन चा खायला बसले होते. भाजलेलं डुकराचं मांस, शेवया, पाला. तीच बुटकी प्लास्टिकची स्टुलं. बिल सहा डॉलर, ते बोर्डेनने दिलं. जगभर फोटो गेले. त्या हुओंग लिएन हॉटेलने काय केलं? ते टेबल काचेत ठेवलं आणि दोघांनी जे खाल्लं त्याचा 'ओबामा कॉम्बो' केला. आधीच विकत होते तेच, एकत्र करून. पिझ्झा सुरू केला नाही.

मी त्या भावाला काम दिलं आहे. बाबांचे सहा लाख एफडीत राहू दे. पुण्या-मुंबईला जाशील तेव्हा हे जेवण दोनदा खा, दुसऱ्यांदा स्वतःच्या खिशातून, आणि बघ तिसऱ्यांदा जावंसं वाटतं का. तोवर संध्याकाळी गिला वड्याच्या एखाद्या चालत्या गाडीसमोर तासभर उभा राहा आणि मोज. किती प्लेटी, एका प्लेटीला किती सेकंद, मालक कुठे वाकतो, काय आधीच तयार ठेवलं आहे, काय संपल्यावर गाडी बंद होते. त्याने पहिल्या दिवशी तासाला 83 प्लेटी मोजल्या आणि रात्री मला मेसेज टाकला, "ताई, तो तर पैसे पण मोजून राह्यला नाई, डब्यात टाकून राह्यला." बरोबर. हात चटणीत असताना पैसे मोजत बसला तर तासाला साठच जातील.

आता शेवटची गोष्ट, आमचा सध्या चालू असलेला प्रयोग. महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की शाळेच्या पुस्तकात चिखलदऱ्याचं नाव येतं. झाडं इंग्रजांच्या काळापासूनची. पण चिखलदऱ्याला येणाऱ्या टूरिस्टला सगळीकडे पुडीतली इन्स्टंट कॉफी मिळते. आणि तिकडे व्हिएतनामने बघा काय केलं. फ्रेंच लोकांनी 1857 च्या सुमाराला कॉफी नेली. ताजं दूध मिळायचं नाही म्हणून लोक डब्यातलं घट्ट गोड दूध घालू लागले, आणि तीच त्यांची ओळख झाली. 1946 मध्ये दुधाची टंचाई होती, तेव्हा हनोईच्या मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्युएन वान जांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला. त्यांचं घराणं अजून तेच विकतं. मी प्यायले, बासुंदीसारखी लागते, अंड्याचा वासही येत नाही. आज कॉफी पिकवण्यात ब्राझीलनंतर व्हिएतनामचा नंबर आहे.

त्यांच्याकडे दूध नव्हतं. आमच्याकडे तर रबडी आहे! म्हणून वहिनीने काचेच्या छोट्या ग्लासात खाली दोन चमचे रबडी आणि वर कडक काळी कॉफी असं सुरू केलं. हलवून प्यायचं. खर्च: कॉफी 9, रबडी 16, गॅस 1, ग्लास धुणं आणि फुटतूट 2, एकूण 28. विक्री 60. नियम आम्ही आधीच पाटीमागे खडूने लिहून ठेवला आहे, म्हणजे नंतर जीव अडकत नाही: दिवाळीपर्यंत बघायचं, रविवारी वीस ग्लास जात नसतील तर पाटीवरून नाव पुसायचं.

पहिल्या रविवारी 11 गेले, दुसऱ्या रविवारी 17. परवा 19. एकोणिसावा मीच प्याले, तो धरायचा नाही, असं वहिनीचं म्हणणं आहे.